एक तासाचं पियानो रिसायटल: बाखपासून बार्टोकपर्यंत सगळे काळ वाजवायलाच हवेत का?

प्रश्न आधी थोडक्यात परत मांडते, म्हणजे नंतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. तू 21 वर्षांची, नाशिकमधेच राहतेस, पियानोची ग्रेड 8 परीक्षा झालीये आणि येत्या डिसेंबरात पहिलाच एक तासाचा सोलो कार्यक्रम करायचाय, म्हणजे हातात साधारण आठ महिने. घरी डिजिटल पियानो. तयार असलेले पीसेस चार: बाखचं सी मायनर प्रील्युड आणि फ्यूग (त्याच्या वेल टेम्पर्ड क्लॅव्हिअर या संग्रहाच्या पहिल्या भागातलं), मोझार्टच्या के 332 सोनाटाची पहिली मुव्हमेंट (म्हणजे पहिला भाग), शोपाँचा सी शार्प मायनर नॉक्टर्न आणि देब्युसीचं पहिलं अराबेस्क. त्यात तुला बीथोवनची आपासिओनाता पूर्ण, शोपाँचं पहिलं बॅलाड, लिस्टचं ला कँपानेला आणि प्रोकोफिएव्हची टोकाटा घालायचीये. आणि विचारतेस की यात सगळे काळ नीट कव्हर होतायत का, आणि काळाच्या क्रमानेच वाजवायचं का.

अगं-तुगं करतेय, चालेल ना, माझ्या विद्यार्थिनी तुझ्याच वयाच्या आहेत.

मिनिटांचा हिशोब केला तर तुझी यादी तासाभरात जवळजवळ बसते. आपासिओनाता 24 च्या आसपास, बॅलाड साडेनऊ, कँपानेला आणि टोकाटा प्रत्येकी पाचेक मिनिटं, जुने चार मिळून वीसेक. मिनिटं बसतात गं, हात बसत नाहीत. आठ वेगवेगळ्या प्रकारचे पीसेस, त्यातले चार नवीन आणि चारही डोंगराएवढे, आणि ते सगळे एका दिवशी एका अनोळखी पियानोवर उभे राहायला हवेत. म्हणून काळ कव्हर होतात की नाही हे जरा बाजूला ठेव, त्या संध्याकाळी यातलं काय टिकेल हे आधी बघू.

ही सगळे काळ घ्यायची सवय येते कुठून, तर परीक्षांमधून. ए, बी, सी अशा याद्या असतात, प्रत्येकीतून एक घ्यायचा, आणि परीक्षेपुरतं ते बरोबरच आहे कारण समोरच्याला थोड्या वेळात तुझा आवाका बघायचा असतो. पण तिकीट काढून नाहीतर निमंत्रणावरून आलेल्या माणसाला तुझा आवाका मोजायचा नसतो, त्याला एक संध्याकाळ ऐकायची असते. मी माझ्या मुलांना सांगते की एक काळ आपलं घर समज आणि बाकीच्यांकडे पाहुणी म्हणून जा. तुझी यादी बघता तुझं घर शोपाँ दिसतंय, तयार पीसमधेही शोपाँ आणि स्वप्नातही शोपाँ. मग कार्यक्रमाचा शेवटचा आणि मोठा भाग त्याला दे, बाकीचे दोन-तीन काळ त्याच्याकडे घेऊन जाणारे असूदेत.

आता बऱ्याच गोष्टी परिस्थितीवर आहेत आणि त्या मला इथे बसून कळणार नाहीत. तुझा पंजा किती उघडतो, नोकरी की कॉलेज, रोज खरे किती तास मिळतात, शिक्षक समोर असतात की व्हिडिओवर. पण या सगळ्यांपेक्षा मोठा मुद्दा तू लिहिलेलाच नाहीस, तो म्हणजे कार्यक्रमात पियानो कुठला असणार. नाशिकमधे चांगल्या स्थितीतला ग्रँड (आडवा मोठा पियानो) मिळणं सोपं नाही, बहुतेक वेळा एखाद्या शाळेच्या नाहीतर चर्चच्या हॉलमधला अपराइट (उभा पियानो) किंवा भाड्याने आणलेला डिजिटल यावर गाडी येते. आणि तुझ्या यादीतले दोन पीस तिथेच अडकतात.

कँपानेला आणि टोकाटा, दोन्हींचा जीव एकाच गोष्टीत आहे, एकच स्वर पटापट परत परत वाजवणं. टोकाटा तर सुरूच तिथून होते. ग्रँडमधे की पूर्ण वर न येता पुन्हा दाबता येते कारण त्यात डबल एस्केपमेंट नावाची रचना असते, सेबास्टियन एरारच्या या रचनेचं पेटंट 1821 मधलं. साध्या अपराइटमधे ती नसते, की बरीचशी वर यावी लागते तेव्हा हॅमर, म्हणजे तारेवर पडणारी हातोडी, पुन्हा उचलला जातो. म्हणजे तू घरी चांगल्या डिजिटलवर, ज्याचे सेन्सर अर्धवट वर आलेली की सुद्धा पकडतात, हे सगळं सफाईने वाजवशील आणि त्या हॉलमधल्या अपराइटवर निम्मे स्वर गायब होतील, आणि तू स्वतःच्या बोटांना दोष देत बसशील. बोटांची चूक नसतेच. म्हणून अपराइट असेल तर हे दोन्ही आत्ताच काढून टाक. ग्रँड मिळत असेल तर दोन्हींपैकी एक, तेही हाताला आधीपासून सवय असेल तरच.

पेडलचंही तसंच. ग्रँडमधे डावा पेडल दाबला की अख्खा कीबोर्ड किंचित सरकतो आणि हॅमर कमी तारांवर पडतो, आवाजाचा रंग बदलतो. अपराइटमधे तोच पेडल हॅमर फक्त तारांजवळ आणतो, आवाज थोडा कमी होतो पण रंग तोच. आणि स्वर धरून ठेवणाऱ्या उजव्या पेडलसाठी घरी जर तो चौकोनी फूटस्विच वापरत असशील तर तो चालू नाहीतर बंद एवढंच ओळखतो, अर्धा पेडल त्याला कळतच नाही. देब्युसी अर्ध्या पेडलवर उभा आहे. अराबेस्क त्या मानाने सोपं, पण त्यात पूर्ण पेडल तसाच धरून ठेवलास तर पहिल्याच ओळीत चिखल होतो. अर्धा पेडल कळणारा पेडल मिळतो, तुझ्या मॉडेलला चालतो का ते विचारून आधी तो घे, देब्युसीचा दुसरा पीस नंतर.

आता काळागणिक हाताचं काय होतं ते सांगते, कारण तिथे खरी मेहनत आहे.

बाख सगळ्यात धोक्याचा, आणि लोक त्याला वॉर्म-अप समजतात! तुझं सी मायनर प्रील्युड 38 मापांचं, सगळं सोळाव्या स्वरांचं सलग चक्र, शेवटाकडे प्रेस्टो मग अडाजिओ मग अलेग्रो असे तीन झटके. ते गार हातांना बरं असतं, दोन्ही हात लगेच चालू होतात. भीती फ्यूगची, म्हणजे एकच धून (तिला विषय म्हणतात) वेगवेगळ्या आवाजांत पाठोपाठ येते त्या रचनेची. 31 मापं, तीन आवाज, विषय आधी मधल्या आवाजात येतो मग वरच्या मग बेसमधे, आणि हे सगळं बोटांच्या सवयीने पाठ झालेलं असतं. एक बोट चुकलं की सवयीची साखळी तुटते आणि मधून परत कुठे शिरायचं तेच कळत नाही, शोपाँमधे निदान डावा हात चालू ठेवून वेळ मारून नेता येते, इथे दोन्ही हात गातायत. माझ्याकडे यावर जो उपाय चालतो तो सांगते. पेन्सिलने फ्यूगमधे पाच-सहा ठिकाणी खुणा कर, जिथे जिथे विषय नव्याने येतो तिथे. मग शेवटच्या खुणेपासून शेवटपर्यंत वाज, मग त्याच्या आधीच्या खुणेपासून, असं उलटं उलटं मागे ये. मग घरात कोणालातरी मधेच एखाद्या खुणेचा नंबर ओरडायला सांग आणि तिथून सुरू कर. त्यानंतर फक्त डावा हात, पाठ. यातच बहुतेकांची बोबडी वळते. आणि शेवटी बाहेरचे दोन आवाज वाजवत मधला तोंडाने गा, सूर थोडा इकडेतिकडे गेला तरी चालेल. हे जमलं की फ्यूग तुझा झाला. पेडल जवळजवळ शून्य, बाखच्या हाताखाली हार्प्सिकॉर्ड आणि क्लॅव्हिकॉर्ड होते, हा भाग 1722 चा आहे, पेडलने जे जोडायची सवय लागलीये ते इथे बोटांनी जोड.

मोझार्टची फक्त पहिली मुव्हमेंट परीक्षेत चालते, कार्यक्रमात मात्र ती अर्धवट सोडलेल्या वाक्यासारखी वाटते. के 332 पूर्ण घे, सगळे रिपीट्स घेतले नाहीत तर 15-16 मिनिटांत होतो. दुसरी मुव्हमेंट, बी फ्लॅट मेजरमधली अडाजिओ, वाचायला सोपी आहे आणि त्यातच गंमत आहे. 1784 मधे व्हिएन्नात हा सोनाटा छापला गेला तेव्हा सुरुवातीची धून जिथे परत येते तिथे हस्तलिखितापेक्षा जास्त नक्षीकाम छापलंय, म्हणजे तोच मजकूर दुसऱ्यांदा आला की तो सजवायचा हे तेव्हा गृहीत होतं. आपल्याकडच्या श्रोत्याला हे लगेच पोचतं, मुखडा दरवेळी तोच घेतला तर तोच विचारेल की हे काय. तुझ्या एडिशनमधे बहुतेक दोन्ही रूपं वरखाली दिलेली असतील, दोन्ही वाजवून बघ. तिसरी मुव्हमेंट बोटांचं काम आहे, अलेग्रो असाई, तिला वेळ दे आणि टेम्पो ठरवताना मधल्या अवघड जागेवरून ठरव, सुरुवातीवरून नको.

हा सोनाटा पूर्ण घेतलास की आपासिओनाताची गरजच उरत नाही. बीथोवनशिवाय रिसायटल कसं, असं कोणीतरी म्हणेल, म्हणूदेत. शेवटच्या मुव्हमेंटमधलं ते प्रेस्टो दमलेल्या हाताने वाजवण्यात काही अर्थ नाही आणि त्याच्यानंतर बॅलाड म्हणजे तर शिक्षाच. बीथोवन हवाच असेल तर मोझार्टच्या जागी त्याचा पाथेटीक सोनाटा घे, दोन्ही नको.

बॅलाडबद्दल वाईट वाटेल पण ते डिसेंबरसाठी नको. आजपासून वाचायला घे, सावकाश, कोडा (शेवटचा समारोपाचा भाग) वेगळा काढून, आणि दोन वर्षांनी लोकांसमोर आण. रेपर्टॉयर असाच तयार होतो, काही पीस मुरायला ठेवलेले असतात, काही ताजे, काही बंद करून ठेवून परत उघडलेले, आणि परत उघडलेला पीस पहिल्यापेक्षा नेहमी पक्का बसतो. त्याच्या जागी शोपाँचंच फँटेझी इम्प्रॉम्प्टू सुचवते. लोक म्हणतील घासून गुळगुळीत झालंय. झालं असेल, पण तुझ्या हातून पहिल्यांदा होणारे. उजव्या हातात चार आणि डाव्यात तीन, हे गणित करून जमत नाही, दोन्ही हात वेगवेगळे इतके सैल कर की ते एकमेकांकडे बघणं सोडतील. आणि नॉक्टर्न असो की हे, रुबातो (लय जरा मागेपुढे खेचणं) करताना डावा हात म्हणजे ठेका आणि उजवा म्हणजे गाणारा, गाणारा पुढेमागे जाईल पण समेवर दोघं भेटणार. शोपाँचे विद्यार्थी सांगायचे की तोही डाव्या हाताला तालात राहायला सांगायचा. आपल्याकडच्या मुलांना हे दोन मिनिटांत कळतं, आणि तरी वाजवायला बसली की दोन्ही हात एकदम हळू होतात, काय म्हणावं.

विसाव्या शतकासाठी टोकाटाच्या जागी बार्टोकचे रोमानियन फोक डान्सेस. 1915 चे, सहा छोटे नाच, मिळून सहाएक मिनिटं, अपराइटवरही छान वाजतात. धुनी ट्रान्सिल्व्हेनियातल्या खेड्यांतून गोळा केलेल्या आहेत आणि तिसऱ्या नाचात असा काही स्वर लागतो की समोरचे काका मान हलवतात. आधुनिक म्हणजे कर्कश्श अशी भीती असलेल्या लोकांना हा उत्तम उतारा. जाता जाता एक गंमत, आपल्या भागाशी नातं असलेला आधुनिक संगीतकार शोधायचाच तर विसाव्या शतकातला फ्रेंच संगीतकार मेसियाँ. त्याने शार्ङ्गदेवाच्या संगीतरत्नाकरातले 120 देशी ताल अभ्यासले आणि आपल्या रचनांत वापरले, आणि शार्ङ्गदेव तेराव्या शतकात देवगिरीच्या यादवांच्या पदरी होता, तेच यादव ज्यांची आधीची राजधानी आपलं सिन्नर. पण मेसियाँ आत्ता वाजवायला घेऊ नकोस हां, फक्त ऐक.

क्रमाबद्दल. काळाच्या क्रमाने वाजवणं चूक नाही, पण तसा नियमही नाही. मी क्रम लावताना आधी हे बघते की कानात शेवटचा स्वर कुठला राहिला आणि पुढचा कुठून उगवतो. तुझा बाख सी मायनरमधला, पण फ्यूग संपतो सी मेजरवर. सी मेजर हे एफ मेजरचं डॉमिनंट, म्हणजे एफकडे ओढून नेणारा पाचवा स्वर, आणि मोझार्ट एफ मेजरमधे! म्हणजे बाख संपवून हात मांडीवर न नेता, टाळ्या सुरू व्हायच्या आत मोझार्ट सुरू केलास तर तो आपोआप उघडतो. मोझार्टनंतर जरा थांब, पाणी पी, दोन वाक्यं बोल. मग बार्टोक, म्हणजे कान एकदम झटकला जातो. मग देब्युसीचं गर्ल विथ द फ्लॅक्सन हेअर (प्रील्युड्सचा पहिला भाग, आठवा, दोन पानं आहेत, चार आठवड्यांत होईल) आणि त्याला लागून अराबेस्क. अराबेस्क ई मेजरमधे, त्याचा रिलेटिव्ह मायनर (तेच स्वर वापरणारा मायनर) सी शार्प मायनर, म्हणजे थेट तुझा नॉक्टर्न. नॉक्टर्न संपतो सी शार्प मेजरवर आणि त्याच काळ्या-पांढऱ्या कीजवर, फक्त डी फ्लॅट मेजर या नावाने, शोपाँचंच रेनड्रॉप प्रील्युड सुरू होतं, आणि त्याचा मधला अंधारा भाग परत सी शार्प मायनर. शेवटी फँटेझी इम्प्रॉम्प्टू, तेही सी शार्प मायनर, मधे डी फ्लॅट मेजर. आता बघ, शोपाँचा अख्खा भाग एकाच घरात फिरतोय आणि ऐकणाऱ्याला कारण कळलं नाही तरी ते एकसंध वाटतं. एकूण 47-48 मिनिटं, टाळ्या आणि बोलणं धरून तास. यात देब्युसी बार्टोकनंतर येतो आणि शोपाँ सगळ्यात शेवटी, इतिहास उलटा झाला, काही बिघडत नाही.

नवीन काय उरलं तर मोझार्टच्या दोन मुव्हमेंट्स, बार्टोक, फ्लॅक्सन हेअर, रेनड्रॉप आणि फँटेझी. आठ महिन्यांत हे सुद्धा कमी नाहीये. गणपतीपर्यंत सगळे स्वर हातात यायला हवेत, दिवाळीनंतर नवीन काही शिकायचं नाही, फक्त अख्खा कार्यक्रम उभा-आडवा वाजवायचा, तोही कोणातरी समोर, शेजारच्या काकू चालतील.

पाठ की बघून? सोलो पियानो पाठ वाजवायची प्रथा फ्रान्झ लिस्ट आणि क्लारा शुमान यांच्या काळात रुजली, त्याआधी तो उलट आगाऊपणा समजायचे. रिख्तरसारखा मोठा पियानिस्ट उतारवयात अंधाऱ्या हॉलमधे एक दिवा लावून समोर नोटेशन ठेवून वाजवायचा. तू शोपाँ आणि मोझार्ट पाठ कर, बाख आणि बार्टोक समोर ठेव. पण समोर ठेवायचं ठरवलंस तर सरावही तसाच कर, ऐनवेळी धीर म्हणून कागद ठेवला तर डोळ्यांना ओळ सापडत नाही आणि पाठ असलेलंही जातं.

जागेचं शेवटी. शालिमारजवळचं कालिदास कलामंदिर सोलो पियानोसाठी फार मोठं होतं, माइक लावावा लागेल आणि माइक लागला की तुझी सगळी मेहनत स्पीकरवाल्याच्या हातात. शंभरेक खुर्च्यांचा, लाकडी नाहीतर निदान कमी घुमणारा हॉल बघ. डिसेंबर लग्नाचा सीझन आहे, गंगापूर रोडच्या लॉन्सजवळचा हॉल घेतलास तर फ्लॅक्सन हेअरला बाहेरून डीजेची साथ मिळेल, तारीख घेताना शेजारी काय आहे ते विचार. पावसाळ्यात लाकूड फुगतं, मग ऑक्टोबर हीट आणि कोरडी थंडी, अपराइट यात हमखास उतरतो, आणि जागेवरून हलवला तर पुन्हा. ट्यूनर बहुतेक मुंबई किंवा पुण्याहून बोलवावा लागतो, त्याची तारीख हॉलच्या तारखेसोबतच पक्की कर आणि तो कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी नाहीतर त्याच दिवशी सकाळी येईल असं बघ. नाशिकच्या डिसेंबरात पारा 10 च्या खालीही जातो, संध्याकाळी हात गार पडतात, विंगेत गरम पाण्याची पिशवी ठेव. आणि लोक मोझार्टच्या मुव्हमेंट्सच्या मधे टाळ्या वाजवतील, कोणीतरी मधेच क्या बात है म्हणेल. वाजवूदेत, म्हणूदेत. एकदा हसून मान हलव आणि पुढे जा.

आता या आठवड्यात एवढंच कर, दोन-तीन हॉलमधे जाऊन तिथल्या पियानोवर फ्यूग, नॉक्टर्नची पहिली ओळ आणि एकच स्वर जमेल तितक्या वेगाने परत परत असं वाजवून बघ, आणि डावा पेडल दाबल्यावर कीबोर्ड सरकतो का तेही बघ. काय दिसलं ते इथेच लिही, पियानो कळला की बार्टोकचं फिंगरिंग आणि मोझार्टमधले कुठले रिपीट्स ठेवायचे ते सांगते.